चिटणिसांचं विरजण

अहल्येच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, असं सुधाकरराव स्वतःशी म्हणत. पण 'राहिलं' हा शब्द खरा नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. राहून जातं ते दळण, राहून जातं विजेचं बिल. हे उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. दिवाळीनंतर ते निळं अंतर्देशीय आलं, त्यांनी खिडकीपाशी उभं राहून वाचलं, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं, आणि तेव्हापासून रोज चष्मा काढताना ते बोटांना लागत होतं. आता संक्रांतही होऊन गेली होती.

पत्र मोठं नव्हतं. अहल्या त्यांची जुनी विद्यार्थिनी, देवासची. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात दुधातल्या जिवाणूंवर संशोधन करत होती. तिनं लिहिलं होतं :

'सर, दुसऱ्या नमुन्यात काहीच मिळालं नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पहिल्या नमुन्यातले जिवाणू जपून ठेवले होते, ते उन्हाळ्यात डीप फ्रीजर बंद पडला तेव्हाच गेले, हे तुम्हाला माहीत आहे. आता माझ्याकडे दाखवायला फक्त आकडे आहेत. गाइडना वाटतं की ते मी रचले. तोंडावर म्हणत नाहीत, पण माझ्या सगळ्या वह्या मागवून घेतल्या आहेत. सर, एवढंच कळवा : मधल्या काळात तुमच्या घरच्या विरजणात काही बदल झाला का? तुमच्या दोन ओळी मला पुरतील. मार्चअखेर सगळ्यांसमोर उभं राहायचं आहे.'

दोन ओळी. सुधाकररावांनी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, फळ्यावर समीकरणांचे डोंगर रचले. पण या दोन ओळी त्यांच्याच्यानं लिहवेनात. कारण त्या लिहायच्या तर आधी कुणावर तरी संशय घ्यायला हवा होता, आणि कुणावर घ्यावा हे ठरत नव्हतं.

गोष्ट सुरू झाली ती त्यांच्याच तोंडून. वर्गात ते फारसं अवांतर बोलत नसत. पण एकदा किण्वन शिकवताना बोलून गेले होते की आमच्या घरचं विरजण शिंदेशाहीतलं आहे. शिंद्यांच्या दफ्तरात चिटणिशी करायला पूर्वज महाराष्ट्रातून इकडे आले, तेव्हा बरोबर आणलेलं. सासूकडून सुनेकडे असं ते चालत आलं आणि आता सुमनकडे आहे. पोरं हसली होती. अहल्या हसली नव्हती. तिनं वहीत टिपून घेतलं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती बर्फ भरलेला थर्मास घेऊन माधव नगरातल्या त्यांच्या घरी आली. त्या दिवशीच परत जायचं होतं, रात्रीची गाडी होती. सुमनताईंनी चहा ठेवला आणि ती सरांना सांगत बसली.

"तेलातलं लिनोलिक आम्ल घ्या, सर. अठरा कर्बांची साखळी, तिच्यात दोन दुहेरी बंध, आणि दोघांच्या मध्ये एक कर्ब मोकळा. काही जिवाणू काय करतात, त्यातला एक बंध उचलून एक घर सरकवतात. दोन्ही बंध शेजारी शेजारी येतात."

"अणू तेवढेच," सुधाकरराव पुढे झुकून म्हणाले.

"अणू तेवढेच. वस्तू तीच. पण शरीरात गेल्यावर वागणूक निराळी. उंदरांवरच्या प्रयोगात फायदा दिसतोय म्हणतात. माणसांचं अजून कुणी छातीठोक सांगत नाही. मला एवढंच बघायचंय की आपल्या घराघरांतल्या दह्यात असे जिवाणू सापडतात का. म्हणून विरजणं गोळा करून राहिलेय."

सुधाकररावांना त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं. एक बंध, एक घर. त्यांनी उठून दिवाणखान्यातली बत्ती लावली, देवाला हात जोडले आणि हाक मारली, "सुमन, हिच्या बाटलीत आपलं विरजण दे बरं." सुमनताई बाटली घेऊन आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. चहा निवला. मग आल्या, आणि भरलेली बाटली पोरीच्या हातात ठेवून म्हणाल्या, "जपून ने गं."

त्यानंतर काही महिन्यांनी आनंदाचं पत्र आलं : 'सर, सगळ्या नमुन्यांत तुमच्या घरचा पहिला! आलेखात असं शिखर उभं राहतंय की गाइडनी मला चहा पाजला.' आणि मग सुधाकररावांच्या हातून तो प्रकार घडला, ज्याची आठवण आली की आता कानशिलं तापत. महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात त्यांनी व्याख्यान दिलं. आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून. 'आमच्या स्वयंपाकघरातलं विज्ञान.' चिटणीस घराण्याचं विरजण, दोनशे वर्षांची परंपरा, आणि त्यात दडलेला तो अद्भुत जिवाणू. टाळ्या पडल्या. सुमनताई पहिल्या रांगेत ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या आणि बायका वळून वळून त्यांच्याकडे बघत होत्या.

पुढच्या वर्षी नवरात्रात अहल्येचे वडील एका सकाळी देवासहून स्कूटरवर आले आणि विरजणाचा दुसरा नमुना घेऊन गेले. आणि दिवाळीनंतर हे निळं पत्र.

पहिला संशय मुलानं पेरला. प्रसाद बँकेत होता, सकाळी दोन पेपर वाचून मगच निघत असे.

"बाबा, लेखी काही देऊ नका," तो बूट घालता घालता म्हणाला. "हळदीचं काय झालं माहीत आहे ना? कडुनिंबाचं? आता नवीन जमाना आहे. एखादी कंपनी मागे असेल. उद्या पेटंट घेतील, आणि आपण आपल्याच घरचं दही लावलं तर म्हणतील, परवानगी काढा."

"अहल्या तशी नाही रे."

"अहल्या नसेल. तिचे गाइड असतील. फ्रीजर बंद पडला म्हणे! असा बरा नेमका बंद पडतो. जिवाणू दुसरीकडे पोचते झाले असतील, आणि आता विचारतात, तुमच्याकडे काही बदललं का. तुम्ही हो लिहून दिलं, की तुमचा हक्क संपला. सरळ आहे."

सुधाकररावांना ते सरळ वाटलं नाही, पण चुकीचंही म्हणता येईना. ते रात्रंदिवस पुस्तकं वाचणारे. जगाचे व्यवहार आपल्याला कळत नाहीत याबद्दल त्यांची पक्की खात्री होती. म्हणून ते थांबले.

थांबल्यावर दुसरा संशय आला, तो पहिल्यापेक्षा वाईट. पोरीनं खरंच आकडे रचले असतील तर? प्रॅक्टिकलच्या तासाला उत्तर आधी काढून रीडिंग मागाहून भरणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. अहल्या तसली नव्हती. एकदा तिचं टायट्रेशन फसलं तेव्हा तिनं 'फसलं' असंच वहीत लिहिलं होतं. पण माणूस बदलतो. बाहेरगावी एकटी पोर, डोक्यावर गाइड, एक शिखर काढून दाखवावंसं वाटलं असेल. हा विचार आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग ते स्वतःवर घसरले : आपण तरी व्याख्यानात काय पाहून बोललो? पोरीच्या एका पत्रावर दोनशे वर्षांची इमारत उभी केली.

आणि मग एका सकाळी, ताक पिताना, तिसरा संशय आला. विरजण मेलं असलं तर? मागच्या मे महिन्यात, अहल्येचा पहिला नमुना आणि दुसरा नमुना यांच्या मधल्या काळात, ते दोघं नाशिकला लग्नाला जाऊन राहिले होते. परत आल्यावर दही लागलं होतं. कशानं लागलं?

त्या दिवसापासून सुधाकरराव स्वयंपाकघराच्या दारात दिसू लागले.

"काही हवंय?" सुमनताईंनी विचारलं.

"नाही. दूध कुठलं आहे हे?"

"म्हशीचं."

"तसं नव्हे. कुणाकडचं?"

"अहो, प्रसाद शाळेत होता तेव्हापासून तोच दूधवाला येतो. त्याच्या लग्नाला आपण जाऊन आलो. आज काय नवीन?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विरजणाची वाटी उचलून वास घेतला. तिसऱ्या दिवशी एक चमचा बशीत काढून उजेडात धरला. सुमनताई पोळ्या लाटता लाटता बघत होत्या आणि बोलत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणं सुधाकररावांना ओळखू येत होतं. हिला काहीतरी लपवायचंय, असं त्यांनी मनात धरलं. यांना काहीतरी शोधायचंय, असं तिकडे सुमनताईंनी धरलं. घरात आवाज चढला नाही, पण भांडी जरा जोरात वाजू लागली.

शेवटी सुधाकररावांनी ते केलं जे कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं. नाशिकला जाताना विरजण शेजारच्या अलकावहिनींकडे ठेवलं होतं, हे त्यांना आठवलं. अलकावहिनी गच्चीवर पापड उलटत होत्या. सुधाकरराव जिन्यात घुटमळले, परत फिरले, पुन्हा चढले.

"वहिनी, एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर."

"विचारा ना, भाऊजी."

"मागल्या उन्हाळ्यात आमचं विरजण तुमच्याकडे होतं. तर ते… म्हणजे… परत दिलंत ते आमचंच ना?"

अलकावहिनींच्या हातातला पापड तसाच राहिला.

त्या दुपारी अलकावहिनी पदर खोचून आल्या. सुधाकरराव आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले, पण भिंत पातळ होती.

"सुमनताई, तुमचे हे मला चोर समजून राहिले काय? विरजण बदललं म्हणे मी! अहो, रोज सकाळ-संध्याकाळ नवीन दूध घालून पोरासारखं सांभाळलं तुमचं ते, आणि माझ्या घरच्याला वेगळी पातेली केली. आमचे हे म्हणाले पण, की काय गं, मेहमान आलाय का घरात!"

सुमनताईंनी त्यांना शांत केलं, तिळाच्या वड्या दिल्या, दारापर्यंत पोचवलं. मग आतल्या खोलीत आल्या आणि पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आता बोला. काय चाललंय तुमचं? माझ्या स्वैपाकघरात पोलीस बसवलाय, आता मोहल्ल्यात तपास सुरू केलात!"

सुधाकररावांनी चष्म्याचं घर उघडलं आणि निळं पत्र त्यांच्या हातावर ठेवलं. सुमनताईंनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"हे दिवाळीचं आहे."

"हो."

"पोर तिथे रडत असेल, आणि तुम्ही हे खिशात घेऊन फिरताय?"

"मला काय लिहावं कळेना. प्रसाद म्हणाला…"

"प्रसादला काय विचारता? आडनाव चिटणीस. तुमच्या वाडवडिलांनी शिंद्यांची पत्रं लिहिली, त्यावर फौजा हलल्या म्हणे. आणि तुमच्याच्यानं एका पोरीला दोन ओळी लिहवेनात! मला का नाही विचारलंत?"

"वाटलं, तुला वाईट वाटेल. मला वाटलं, नाशिकच्या वेळी विरजण मेलं असेल आणि तू…"

"आणि मी गुपचूप दुसरं आणलं असेल." सुमनताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मग सरळ विचारायचं. मेलं नाही. जसं होतं तसं आहे. नवरात्रात त्या पोरीच्या वडिलांना दिलं ते आपलंच."

"मग पहिल्या वेळी शिखर आलं आणि दुसऱ्या वेळी नाही, हे कसं? तीच वाटी, तेच दही."

"तेच कुठे? पहिल्या वेळी मी आपलं दिलंच नव्हतं."

सुधाकररावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दिलं नव्हतंस?"

"अहो, दिवे लागले होते! तुम्हीच बत्ती लावलीत, देवाला हात जोडलेत, आणि लगेच म्हणालात, आपलं विरजण दे. तिन्हीसांजेला विरजण कोण देतं घरातनं? सासूबाईंनी वाटी हातात दिली तेव्हा पहिलं हेच सांगितलं होतं, दिवे लागल्यावर कुणी का मागेना, विरजण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. पण पोरीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? गाडीची वेळ होती. म्हणून मागच्या दारानं गेले आणि कोपऱ्यावरच्या बापूकडून दही आणून बाटलीत भरलं. विकत आणलेलं द्यायला काय हरकत?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच घरची रीत आहे. पोरीला दही हवं होतं, दही दिलं. दह्यात कुणाचं कोण राहतं हे बघणार आहेत, हे मला कुणी सांगितलं होतं? तुम्ही दोघं बाहेर तुमच्या शास्त्रातलं काहीबाही बोलत बसला होतात."

सुधाकररावांनी चष्मा काढून हातात धरला. डोक्यात एकामागून एक गोष्टी जागेवर बसत होत्या. निवलेला चहा. वाजलेलं मागचं दार. सकाळी आलेले अहल्येचे वडील. पोरीनं काहीही रचलं नव्हतं. फ्रीजर खरंच बंद पडला होता. अलकावहिनींनी पोरासारखं सांभाळलं होतं. इतके दिवस ज्याच्या-ज्याच्यावर संशय घेतला तो प्रत्येक माणूस खरा निघाला होता. खोटं होतं ते फक्त त्यांचं व्याख्यान.

"म्हणजे," सुमनताई हळूच म्हणाल्या, "ते जे काय शिखर होतं, ते आपलं नाहीच. बापूचं."

"हो."

"आपल्यात काही नाही."

"आपलं दही चांगलं लागतं."

"ते मला माहीत आहे," त्या तुटकपणे म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. पहिल्या रांगेतली ती साडी त्यांनाही आठवत असणार. "समाजातल्या बायका अजून विचारतात हो. परवा एकजण वाटी घेऊन आली होती."

"मग लिहू नको म्हणतेस?"

"मी असं म्हटलं? आत्ता लिहा."

पण सुधाकररावांचा स्वभाव आडवा आला. बापूच्या दह्याची खात्री केल्याशिवाय कसं लिहायचं? दुकान तसंच आहे का, दही तेच आहे का? दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, एक उकळून घेतलेली काचेची बाटली आणि थर्मास घेतला आणि ते कोपऱ्यावर गेले.

दुकानाचा चेहरा बदलला होता. दर्शनी भागात बापूच्या मुलानं थंड पेयांचा लाल फ्रीज उभा केला होता, वर झगमगती पाटी. पण आत, भिंतीला टेकून, म्हातारा बापू अजून बसला होता आणि त्याच्यापुढे फडक्यानं झाकलेलं मातीचं कुंडं होतं.

"नमस्ते. मुझे आपके दही का सैंपल चाहिए था," सुधाकरराव म्हणाले.

बापूनं आधी पेनकडे पाहिलं, मग बाटलीकडे. त्याचा हात फडक्यावर गेला.

"दही खतम."

"वो क्या रक्खा है?"

"वो? वो चूना है. दीवार पोतनी है."

"देखिए, मेरी पत्नी एक बार शाम को आपके यहाँ से दही ले गई थी. वो बाहर जाँच के लिए गया. उसमें कुछ निकला था…"

"क्या निकला?" बापू उठून उभाच राहिला. "हमारे यहाँ कुछ नहीं निकलता साब! चालीस साल में एक मक्खी नहीं निकली!"

"मक्खी नहीं, जीवाणु. बहुत अच्छे…"

"कीड़े बता रहे हो हमारे दही में? कौन से डिपार्टमेंट से हो? कारड दिखाओ!"

सुधाकरराव घरी आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. सुमनताईंनी सगळं ऐकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या.

"सैंपल म्हणालात? अहो, तो शब्द ऐकला की देवास गेटपर्यंतचे हलवाई शटर ओढतात! भेसळ पकडणारे साहेब वाटलात तुम्ही त्याला. द्या तो थर्मास इकडे. पेनही ठेवा. ही वाटी घ्या, आणि माणसासारखं विरजण मागा, जामन म्हणून."

"तूच जातेस का?"

"पहिलं मी आणलं. आता तुम्ही."

वाटी पंच्याखाली धरून ते निघाले, रस्त्यात दोनदा थांबले, आणि दुकानाशी पोचेपर्यंत दिवे लागले. बापूनं उदबत्ती लावली होती. वाटी पाहून तो थोडा निवला, तरी डोळ्यांतला संशय गेला नव्हता.

"फिर आ गए?"

"जामन चाहिए था, बापू. थोड़ा सा."

"काहे के लिए?"

सुधाकररावांना जिवाणू आठवले, बंध आठवले, अठरा कर्ब आठवले. त्यांनी ते सगळं गिळलं.

"एक बेटी है. बाहर गाँव में. उसका जम नहीं रहा."

बापूचा चेहरा एकदम सैल झाला. "अरे, तो पहले बोलते ना, मास्टरसाब! नई जगह है, नया पानी है, नहीं जमता. पर अब तो दीया-बत्ती हो गई. जामन सवेरे ले जाना, बेटी के लिए अलग से रक्खूँगा. अभी खाने का दही चाहिए तो पैसे दो और ले जाओ."

कुंडं एकच होतं. सकाळी त्यातलंच जामन मिळणार होतं, आणि आत्ता त्यातलंच दही. वस्तू तीच, फक्त दिल्याची आणि विकल्याची जागा जराशी सरकलेली. सुधाकररावांना हसू आलं, पण ते हसले नाहीत, कारण सुमननं त्या संध्याकाळी नेमकं हेच केलं होतं, आणि प्रयोग पुन्हा करायचा तर तसाच करायला हवा. त्यांनी पैसे देऊन वाटीभर दही घेतलं. जाता जाता भीत भीत विचारलं, "बापू, जामन कभी बदला तो नहीं?"

"बदलना काहे को? जब तक मैं बैठा हूँ, यही है. मेरे बाद की लड़का जाने. उसको तो बोतल बेचनी है."

सकाळी ते जामनही घेऊन आले. सुमनताईंनी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन नव्या वाट्या मांडल्या. विकतच्याला लाल दोरा बांधला, दिलेल्याला पांढरा, आणि घरच्या विरजणाची वाटी उचलून फळीवर वर ठेवली. "माझ्या ओट्यावर परक्यांची वस्ती," त्या म्हणाल्या. पण रोज तिन्ही वेगवेगळ्या चमच्यांनी लावू लागल्या. चमचे मिसळत तर नाहीत ना, हे पाहायला सुधाकरराव पुन्हा दारात उभे राहू लागले, आणि या वेळी त्यांना सरळ हाकलण्यात आलं.

पत्र लिहायला मात्र वेळ लागला. अहल्येला मराठीत लिहिणं सोपं गेलं. अडलं ते तिच्या गाइडसाठी जोडायच्या इंग्रजी कागदावर. दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नसतं, हे वाक्य इंग्रजीत काही केल्या बसेना. लिहिलं की ते अंधश्रद्धेच्या कबुलीसारखं दिसे, नाहीतर थट्टेसारखं. तीन कागद फाडले. तो परका माणूस हे वाचून काय म्हणेल? म्हातारा शिष्येला वाचवायला गोष्ट रचतोय, असंच म्हणेल. आपणही तसंच म्हटलं असतं. शेवटी त्यांनी कारण लिहिण्याचा नाद सोडला आणि जे घडलं तेवढंच लिहिलं : पहिला नमुना आमच्या घरचा नव्हता, तो संध्याकाळी माझ्या पत्नीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणला, दुसरा घरचा होता, दोहोंत फरक पडणं स्वाभाविक आहे, आणि त्यात या मुलीचा काही दोष नाही. खाली सही, हुद्दा, आणि दुकानाचा पत्ता.

मराठी पत्रात मात्र कारणही लिहिलं, कारण ते तिला कळणार होतं.

'चि. अहल्या, तू आकडे रचले नाहीस. हे मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी माहीत असायला हवं होतं. मी भलतीकडे शोधत बसलो. तुझ्या काकूंनी त्या दिवशी दिवे लागल्यामुळे घरचं विरजण दिलं नव्हतं. ते जिवाणू बापूंचे आहेत. त्यांचं दही आणि जामन दोन्ही आम्ही घरी रोज लावून ठेवतो आहोत. कसं पाठवायचं ते कळव, किंवा तूच ये. आल्यास सकाळी ये. एवढ्या अवधीत बापूंच्या कुंड्यातही काही बदललं नसेल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आधी तिथेच पाहावं. गणपतीत याच विषयावर मी बोललो होतो, ते पुढच्या गणपतीत दुरुस्त करीन. तसं समाजाच्या चिटणिसांना सांगून ठेवलं आहे.'

सुमनताईंनी पत्र वाचलं. गणपतीच्या ओळीवर त्या जरा थांबल्या, पण ती खोडा म्हणाल्या नाहीत.

"पाकीट बंद करा."

सुधाकररावांनी पाकीट बंद केलं, पत्ता पुन्हा तपासला, आणि खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घरात दिवा लागला. अलकावहिनींकडे बत्ती लागली. सुमनताईंनी देवापाशी निरांजन लावलं.

"आता उद्या सकाळीच टाकतो," ते म्हणाले, आणि पाकीट चष्म्याच्या घराकडे न्यायला लागले.

सुमनताईंनी वळूनही बघितलं नाही.

"दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नसतं. पत्र द्यायला काही हरकत नाही."

सुधाकररावांनी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या गंजलेल्या पेटीवर त्यांचा विश्वास नव्हता. ती कुणी उघडत असेल असं तिच्याकडे बघून वाटत नसे. टेंपोत बसून ते शहरातल्याच देवास गेटला गेले. बसस्टँडच्या गलक्यातून वाट काढत लाल पेटीपाशी पोचले, डाक निघायची वेळ वाचली, पाकीट आत सोडलं, आणि ते खाली पडल्याचा आवाज आला तरी फटीत बोटं घालून एकदा चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

येताना बापूच्या दुकानापुढून जावं लागलं. बापूनं आतूनच हाक मारली, "मास्टरसाब! बेटी का जमा?"

"आज ही चिट्ठी डाली है, बापू," सुधाकरराव म्हणाले.